ओटोचा पायगुण

"वँडाकडे जायचं तर खुशाल जा, पण दाराजवळच्या शेवटच्या स्टुलावर बसू नकोस," असं सासूबाई मला फोनवर म्हणाल्या होत्या. मी "हो हो" म्हटलं. त्याच आठवड्यात त्यांनी बाळाच्या हिरड्यांना ब्रँडी चोळ, खिडकीत चिरलेला कांदा ठेव आणि लोकरीचे मोजे उलटे घाल, असंही सांगितलं होतं. त्या गर्दीत स्टूल कुठल्या कुठे हरवलं. शिवाय मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली बाई. दाराजवळ बसलं तर फार तर वारं लागेल, असा शास्त्रशुद्ध अंदाज बांधून मी ओटोला एक जादा टोपी घातली.

मुळात मला बारमध्ये जायचं नव्हतंच. मला ओटोला झोपवायचं होतं. आमचे चिरंजीव आठ महिन्यांचे, आणि त्यांना शांततेची मनस्वी चीड. खोलीत पडदे ओढून, हलक्या आवाजात गाणं म्हणून, पावलं न वाजवता बाहेर पडावं, तर हा डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत राहणार. व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला की मात्र मिनिटात घोरायला लागतो. त्यामुळे आमच्या घराइतकं स्वच्छ घर अख्ख्या विस्कॉन्सिनात नसेल. आईपणाच्या पुस्तकांत हे कुठे लिहिलेलं नाही. मी सगळी चाळली आहेत. त्या शनिवारी व्हॅक्यूम क्लीनरने धूर सोडून प्राण सोडला. रविवारी माझा नवरा ट्रेव्हर चीजच्या कारखान्यात कामावर, आणि घरात मी, एक जागं बाळ आणि भयाण शांतता.

समोरच्या कोपऱ्यावर वँडाचा बार. रविवारी दुपारी फुटबॉलची मॅच, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा आमचा अमेरिकन फुटबॉल, सुरू झाली की तिथला गोंगाट आमच्या स्वयंपाकघरातल्या कपबशांना ऐकू येतो. मला सुचलं ते असं. आई सोबत असली तर बाळाने बारमध्ये बसायला आमच्या राज्यात कायद्याची ना नाही. मीसुद्धा रांगायला तिथल्याच फरशीवर शिकले. तरी आवाजाची धास्ती होतीच. म्हणून ओटोच्या कानांवर आवाज अडवणारी मोठी झाकणं बसवली, त्याला छातीशी झोळीत बांधलं आणि बाबागाडी ढकलत निघाले. झोळी असताना बाबागाडी कशाला, असं विचारू नका. मी पावसाळी बूट, ताप मोजायची नळी आणि दोन पांघरुणंसुद्धा घेतली होती.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळं गाव संघाचा सदरा घालून उभं. रिकामं काय, तर दाराजवळचं शेवटचं स्टूल. आता एक थकलेली आई, छातीशी बाळ, आणि समोर रिकामं स्टूल. मी बसले.

माझ्या शेजारचे दोघे वळून माझ्याकडे बघायला लागले. वँडा ग्लास पुसत होती, तिचा हात थांबला.

"अगं कोरीन, ते नॉर्बचं आहे," ती म्हणाली.

"नॉर्ब कुठे आहेत?"

"पुतणीच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला गेलाय. मॅचच्या वेळी बाप्तिस्मा ठेवलाय, म्हणजे बघ कसली माणसं."

"मग ते आले की उठते ना."

नॉर्ब मॅचला नाहीत असं याआधी कधी घडलेलंच नव्हतं. नॉर्ब म्हणजे नॉर्बर्ट कुचेरा. ऐंशीच्या पुढचे, बायको रोझेला जाऊन बरीच वर्षं झालेली, राहायचे बारसमोरच, बंद पडलेल्या हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. कानांनी तल्लख, बोलायला कमी. संघ जिंको वा हरो, रविवारी ते त्या स्टुलावर. त्या वर्षी तर संघ हरतच चालला होता. इतका, की पाद्रीबाबा प्रार्थनेत आजाऱ्यांच्या नावांनंतर त्याचं नाव घ्यायला लागले होते.

त्या दिवशी संघ जिंकला. नुसता जिंकला नाही, समोरच्यांना धूळ चारून जिंकला. माणसं काउंटरवर थापा मारत होती, बाटल्या नाचत होत्या, आणि ओटो माझ्या छातीवर लाळ गाळत, एका पायातला मोजा खाली पाडून, गाढ झोपला होता. त्यावरून मला शोध लागला की त्याला आवाज लागत नाही, काउंटरवरून अंगात येणारी थाप लागते. मी मनातल्या मनात विज्ञानाची पाठ थोपटली. वर मध्यंतराला वँडाने दर रविवारची मांसाची सोडत काढली, ज्याची चिठ्ठी निघेल त्याला मांस बक्षीस, त्यात माझा नंबर लागला. अख्खं हॅम, डुकराची खारवलेली मांडी. आयुष्यात मला कधी काही लागलं नव्हतं, चष्मा सोडला तर.

मॅच संपली, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते, तेवढ्यात दार उघडलं आणि टाय लावलेले नॉर्ब आत आले. पळत आल्यामुळे धापा टाकत होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"जिंकलो," वँडा म्हणाली, पण हळूच.

नॉर्बनी टीव्हीकडे पाहिलं. मग त्यांच्या स्टुलाकडे. मग माझ्याकडे आणि ओटोच्या उघड्या पायाकडे. मी घाईघाईने उठायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"बस पोरी, बस," ते म्हणाले. टाय सैल करत सगळ्यांकडे वळले आणि न्यायाधीशाने निकाल द्यावा तसं म्हणाले, "म्हणजे पनवती मी होतो."

"काहीतरीच काय नॉर्ब," वँडा म्हणाली. पण तिने ते जसं म्हटलं त्यावरून सगळ्यांच्या मनातला हिशेब आधीच झालेला होता हे माझ्यासारख्या सावध बाईच्या लक्षात आलं.

पुढच्या रविवारी मला न्यायला वँडा स्वतः आली. म्हणाली, "ओटोला पायगुण आहे." आपल्या लेकराला पायगुण आहे असं कोणी म्हटलं तर कुठली आई संख्याशास्त्र काढून बसेल? मी गेले. जिंकलो. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. पोराच्या पायगुणाची कीर्ती गावभर झाली. एरवी दुकानात रांगेत मला धक्के मारून पुढे जाणाऱ्या बायका आता ओटोच्या पायाला हात लावून पुढे जाऊ लागल्या.

पण पायगुण म्हटला की पाय आला, आणि पाय आला की मोजा. पहिल्या विजयाच्या दिवशी ओटोच्या डाव्या पायात मोजा नव्हता, तेव्हा यापुढेही असता कामा नये, असा ठराव झाला. बाहेर डिसेंबर. सरोवरावरून येणारं वारं असं, की कुत्रीसुद्धा मागे फिरतात. मी ठाम नकार दिला. बाळाला सर्दी झाली तर कोण जबाबदार? बरीच वादावादी झाली. शेवटी मी पायाला मफलर गुंडाळायची तडजोड सुचवली. तर मफलर हा मोजाच नव्हे का, यावर बारमध्ये दोन तट पडले. आमच्या गावच्या पाणीपट्टीवर इतकी मुद्देसूद चर्चा मी कधी ऐकली नव्हती. अखेर वँडाने काउंटरवर थाप मारून सांगितलं, "मोज्याला टाच असते. मफलरला टाच नाही. विषय संपला."

माझं समाधान होईना म्हणून मी दवाखान्यातल्या नर्सला फोन केला. एका पायात मोजा नसताना बाळाला किती वेळ बसवलं तर चालतं, असं विचारलं. मग ती म्हणाली, "थांबा, तुम्ही दाराजवळच्या स्टुलावरच्या का?" मी हो म्हटलं. "मफलर जाड असू दे," ती म्हणाली, "आणि काहीही झालं तरी रविवार चुकवू नका." वैद्यकीय सल्ला म्हणून मी तो मुकाट्याने पाळला.

मग आली नगरपालिका. बाबागाडी मागच्या दाराच्या वाटेत उभी असते अशी कोणीतरी तक्रार केली. आगीचे निरीक्षक कर्ट झास्ट्रो टेप घेऊन भर मॅचमध्ये हजर झाले. बरोबरीचा सामना. त्यांनी वाट मोजली, मान हलवली.

"ही गाडी हलवावी लागेल, बाईसाहेब."

"हलवू नकोस रे," मागून कोणीतरी कळवळून म्हणालं.

"नियम म्हणजे नियम," असं म्हणून कर्टनी गाडी वीतभर भिंतीकडे सरकवली. आणि त्याच क्षणी समोरच्या संघाच्या हातातून चेंडू निसटला आणि आमच्या संघातल्या एका पोराने तो उचलून धूम ठोकली. कर्टनी गाडीवरचा हात काढलाच नाही. मॅच संपेपर्यंत ते तसेच वाकून उभे. नंतर त्यांनी अहवालात लिहिलं की बाबागाडीची जागा विचाराधीन असून दर रविवारी मॅचच्या वेळेत प्रत्यक्ष पाहणी करणं आवश्यक आहे.

ट्रेव्हरची गत काही वेगळी नव्हती. कारखान्यात रेडिओ ऐकताना तो दुधाच्या एका ठरावीक हौदाशी उभा होता तेव्हा पहिली मॅच जिंकली, म्हणून आता रविवारी तो त्या हौदापासून हलत नाही. सासूबाई घरी चुलीपाशी उभ्या राहून मॅच ऐकतात आणि सूप ढवळताना डाव ऐन भरात आला की ढवळणं थांबवत नाहीत. सूप करपलं तरी. मला स्टुलाबद्दल बजावणाऱ्या त्याच, पण आता म्हणतात, "मी तुला आधीच सांगितलं होतं, त्या स्टुलात काहीतरी आहे."

या सगळ्या सोहळ्यात एकटे नॉर्ब नव्हते. त्यांनी स्वतःच घरी बसायचं ठरवलं होतं. कोणी त्यांना येऊ नका म्हटलं नाही. कोणी या असंही म्हटलं नाही, आणि मला तेच खुपत होतं. मध्यंतराला वँडा तळलेल्या चीजच्या गोळ्यांची ताटली समोर पाठवायची. माझ्या स्टुलावरून त्यांची माडीवरची खिडकी दिसते. म्हणजे माझ्या नव्हे, त्यांच्या. ते खिडकीत बसलेले असायचे आणि मला हात करायचे. त्यांच्याच जागेवर बसून मी त्यांना परत हात करायची. एखाद्याच्या घरात बिनभाड्याने राहून वर त्यालाच "या बसा" म्हणावं, तसं वाटायचं.

मधल्या वारी मी सोडतीत लागलेलं मांस घेऊन त्यांच्याकडे जायची, कारण आमचा फ्रीझर हॅमने भरून वाहत होता. एकदा मॅचच्या आधी गेले. पाहते तर नॉर्ब संघाचा सदरा घालून, पायात बूट चढवून, स्वयंपाकघरातलं उंच स्टूल खिडकीशी ओढून बसलेले. शेजारी रेडिओ. समोर ब्रँडीचा ग्लास, त्यात संत्र्याची फोड. बारमध्ये बसावं तसं सगळं, फक्त बार नव्हता.

"नॉर्ब, तुम्ही चला बरं," मी म्हटलं. "या सगळ्याला काही अर्थ नाही. योगायोग आहे. मी शिकलेय त्यातलं."

"तू शिकलीयस हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "संघाला माहीत आहे का?"

त्या गडबडीत मी ओटोची दुधाची बाटली त्यांच्या टेबलावर विसरले. पुढचं मी सांगणारही नव्हते, पण न सांगता चालणार नाही. मॅच रंगात आली, ओटो चुळबुळायला लागला, भोकाड पसरणार एवढ्यात बारचं दार हातभर उघडलं. फटीतून एक हात आत आला, हातात बाटली. मागे नॉर्ब, डोळे घट्ट मिटलेले, न जाणो चुकून टीव्हीकडे नजर गेली तर. मी बाटली घेतली. आणि त्याच वेळी आमच्या संघातल्या पोराने टाकलेला चेंडू समोरच्याने हवेतच झेलला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटला.

बारमध्ये कोणीही नॉर्बकडे पाहिलं नाही. आमची माणसं सभ्य आहेत. सगळ्यांनी छताकडे पाहिलं, आणि ते जास्त वाईट होतं. नॉर्बनी डोळे उघडले, टोपी काढली, टीव्हीला म्हणाले, "माफ करा," आणि रस्ता ओलांडून निघून गेले. ती मॅच आम्ही कशीबशी जिंकलो. मला अजिबात आनंद झाला नाही. जरा झाला. पण तो लगेच आवरला.

"वँडा, हे बरं नाही," मी नंतर म्हटलं. "टीव्हीला काय कळतं दारात कोण उभंय?"

"तुझं संख्याशास्त्र सोमवार ते शनिवार," वँडा म्हणाली. "रविवारी आपल्याला जिंकायचंय. आणि मला काय वाटत नाही का गं? रोझेला गेल्यापासून त्याचं रविवारचं जेवण माझ्याकडे. तो नसला की मी उगाच दोन वेळा त्याच्यापुढे ताटली ठेवायला जाते, आणि तिथे तू असतेस."

शेवटची साखळी मॅच आली. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर पुढच्या वर्षीपर्यंत राम राम. मी मनाशी निश्चय केला. नवा व्हॅक्यूम क्लीनर आणला होता. मी बारमध्ये जायचंच नाही. स्टूल रिकामं राहील, आणि रिकाम्या स्टुलावर नॉर्बना बसवण्याखेरीज गावापुढे मार्ग उरणार नाही. शिकलेल्या बाईचा सत्याग्रह म्हणा हवं तर.

रविवारी सकाळी फोन वाजला. वँडा. मी तब्येतीचं कारण सांगितलं. थोड्या वेळाने सासूबाई सूप घेऊन आल्या, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "ताप नाही. कपडे बदल." त्यांच्यामागोमाग कर्ट झास्ट्रो, नगरपालिकेच्या शिक्क्याचा कागद घेऊन: बाबागाडी तपासणीसाठी दुपारी बारच्या आवारात हजर करावी. मी म्हटलं, गाडी घेऊन जा, बाळ देणार नाही. कर्ट म्हणाले, "कागदात 'तत्संबंधी व्यक्तींसह' असं आहे." मी कागद वाचला. तसं खरंच होतं.

तरीही मी ठाम होते. मग पुन्हा दार वाजलं. उघडलं तर नॉर्ब. थंडीने नाक लाल, हातात ओटोचा एक मोजा.

"हा माझ्याकडे राहिला होता," ते म्हणाले. "हा डावा आहे. घालू नकोस, पण जवळ असू दे."

"नॉर्ब, आज मी नाही, तुम्ही जाणार आहात. तुमची जागा आहे ती."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. सासूबाई आणि कर्ट मागच्या मागे स्वयंपाकघरात सरकले. ऐकू येईल इतपतच.

"ऐक पोरी," नॉर्ब म्हणाले. "मी लहान असल्यापासून ही मॅच बघतोय. ओरडलो, रडलो, रोझेलाशी भांडलो. पण संघासाठी मी काय केलं? काही नाही. नुसता बसलो. या वर्षी पहिल्यांदा मी काहीतरी करतोय. मी बसत नाहीये. तुला वाटतं मला बाहेर काढलंय. मी संघात आहे गं. माझी जागा फक्त खिडकीत आहे."

गेला महिनाभर मी ज्यांची कीव करत होते, ते ताठ मानेने कर्तव्यावर होते, आणि मी त्यांना कामावरून काढायला निघाले होते. व्हॅक्यूम क्लीनर न वापरता परत खोक्यात ठेवला. गेले, बसले, ओटो थापेवर झोपला, मफलर सांभाळला, कर्ट गाडीवर हात ठेवून उभे राहिले. शेवटच्या क्षणी आम्ही जिंकलो. बारमध्ये छत खाली येईल असा जल्लोष. मी खिडकीकडे पाहिलं. नॉर्ब दोन्ही हात वर करून उभे होते. मग त्यांनी हात खाली केले, इकडे तिकडे पाहिलं आणि पुन्हा बसले.

सोमवारी हॅम घेऊन गेले तेव्हा मी विचारलं, मजा आली का?

"आली ना," ते म्हणाले. मग बराच वेळ संत्र्याची फोड ग्लासात फिरवत राहिले. "फक्त एक आहे. एकट्याने ओरडलं की खुळ्यासारखं वाटतं. ओरडून झाल्यावर बघायचं कोणाकडे, ते कळत नाही."

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. कोणीतरी त्यांच्याजवळ बसायला हवं. ट्रेव्हरला म्हटलं, तर तो हौदाशी. सासूबाई चुलीशी. वँडा काउंटरमागे, कर्ट गाडीपाशी. नर्ससुद्धा रविवारी दवाखान्यातल्या एका विशिष्ट खुर्चीत बसते म्हणे. पाद्रीबाबांना विचारलं, तर ते मान खाली घालून म्हणाले की तेही एका जागी असतात, कुठे ते विचारू नकोस. मी एकेक करून सगळं गाव पालथं घातलं. गावातलं प्रत्येक माणूस रविवारी दुपारी कुठेतरी खिळलेलं आहे. आणि मी? मी तर उठूच शकत नाही. बाळ झोपलेलं असतं. खरं कारणही तेच आहे, असं मी अजून तरी म्हणते.

राहता राहिले तुम्ही. तुमचा आमच्या संघाशी काही संबंध नाही, तुम्ही कुठे बसलात आणि कुठे उभे राहिलात याने आमच्या चेंडूला काही फरक पडत नाही. बाद फेरीची मॅच या रविवारी दुपारी आहे. तेव्हा एवढं करा. बारसमोर बंद हार्डवेअरचं दुकान आहे, त्याच्या बाजूने जिना वर जातो. पायऱ्यांवर बर्फ असेल, कठड्याला धरून जा. दार वाजवा. ते आतून "मी ठीक आहे" म्हणतील. तेवढ्यावर परत फिरू नका. ताटलीतलं संपलंय का बघा, शेगडी चालू आहे का बघा. स्वयंपाकघरात दुसरं स्टूल आहे, ते खिडकीशी ओढून घ्या. खेळ कळत नसेल तर काही बिघडत नाही. रेडिओवरचा माणूस ओरडला की नॉर्ब ओरडतील, तेव्हा तुम्हीही ओरडा, आणि ओरडून झालं की त्यांच्याकडे बघा.